यकृतावरील साध्या गाठी : भिऊ नये, पण विसरूही नये



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, खत-पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. तो माणसाच्या शरीराचा आहे आणि मी काही डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला साधा ऊस विकास अधिकारी आहे. तरीही लिहितो आहे, कारण या विषयापायी आपल्या एका सभासदावर उभा ऊस अवेळी मोडायची पाळी आली होती. आणि त्याआधी माझ्याच एका अर्धवट सल्ल्याने दुसऱ्या एका सभासदाचे त्याहून फार मोठे नुकसान झाले. तज्ज्ञ डॉक्टरांकडे बसून जे समजून घेतले, तेच येथे सोप्या भाषेत मांडत आहे.

बापूंचा ऊस

गेल्या नोव्हेंबरात एक वडीलधारे सभासद गट कार्यालयात आले. त्यांना सगळे बापू म्हणतात, मीही तेच म्हणतो. न बसताच ते म्हणाले, "साहेब, माझी दोन एकर सुरूची नोंद काढून टाका. गुऱ्हाळाला देऊन टाकतो. रोख देतो म्हणतोय."

आदल्याच आठवड्यात मी त्या फडात रिफ्रॅक्टोमीटर लावून आलो होतो. ऊस दहा महिन्यांचा, ब्रिक्स जेमतेम १६. असा कच्चा ऊस मोडायचा म्हणजे वजनातही मार आणि भावातही मार. मी म्हटले, "बापू, अहो दोन महिने थांबा की. असं काय अडलंय?"

तेव्हा ते खाली बसले. "आमच्या मंडळीच्या काळजावर गाठ निघाली. मुंबईला न्या म्हणतेत लोक. आता वजन अन् उतारा बघत बसू का मी?"

खिशातला घडी घातलेला कागद त्यांनी पुढे केला. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली होती. तेथे तोंडी एवढेच सांगितले गेले होते की लिव्हरवर गाठ आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा. कागदावर मात्र आणखी एक शब्द होता : हिमॅन्जिओमा. तो असावा, पुढील तपासणीने खात्री करावी, असे लिहिले होते.

मी म्हटले, "बापू, ही गाठ साधी असण्याची शक्यता बरीच आहे. पण ते मी ठरवायचं नाही अन् तुम्हीही नाही. आठ दिवस उसाला हात लावू नका. आधी गाठीचं नाव पक्कं करू."

हे शहाणपण माझ्याकडे कोठून आले, ते आता सांगतो.

दोन गोष्टी, दोन्ही माझ्याच

पहिली गोष्ट घरची. काही वर्षांपूर्वी पित्ताशयात खडा असेल म्हणून आमच्या सौ.ची सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, यकृतावर तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. गाठ म्हणजे कॅन्सर, असे आम्ही सर्वांनीच धरून चाललो. पाहुणे जमले. कोणी एकर विकायला सांगितले, कोणी झाडपाल्याची पूड आणून दिली. सौ.ने जेवण सोडले. कानातले काढून लेकीसाठी डबीत ठेवले आणि मला म्हणाली, "पोरांच्या परीक्षा होऊ द्या, मग न्यायचं तिथं न्या मला." असे अकरा दिवस गेले. शेवटी नांदेडच्या एका पोटविकार तज्ज्ञांनी पुढची तपासणी करून सांगितले, की हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कॅन्सर नाही, होणारही नाही, औषधाची गरज नाही. ती गाठ आजही तेवढीच आहे आणि सौ. दोन म्हशींचे सगळे करते.

दुसरी गोष्ट सांगताना मान खाली जाते. त्यानंतर वर्षभराने ऊस वाहतूक करणारे एक सभासद भेटले. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांच्या सोनोग्राफीतही यकृतावर दोन सेंटिमीटरची गाठ आली होती. मी छाती ठोकून सांगितले, "काही होत नाही, आमच्या घरीही तशीच आहे." त्यांना बरे वाटले आणि ते हंगामाच्या कामाला लागले. रक्तदानाच्या वेळी त्यांच्या रक्तात 'बी' प्रकारची कावीळ निघाली होती आणि पुढे उपचार झालेच नव्हते, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नाही. सात महिन्यांनी पोटात पाणी भरले तेव्हा निदान झाले. यकृत आतून घट्ट झालेले होते आणि ती गाठ कॅन्सरची होती. लहान असताना आली असती तर उपचाराला वाव होता, असे डॉक्टर म्हणाले. पुढच्या हंगामाच्या मोळीपूजनाला ते नव्हते.

दोन्ही गाठी आकाराने जवळपास सारख्या. एकीला आम्ही नाहक भ्यालो, दुसरीला नाहक हसण्यावारी नेले. फरक कशात होता, तेच समजून घेण्यासारखे आहे.

यकृत म्हणजे काय?

आपल्याकडे काळीज हा शब्द हृदयालाही वापरतात आणि यकृतालाही. बकऱ्याची कलेजी म्हणतात ते यकृत. माणसात ते पोटाच्या वरच्या भागात, उजवीकडे बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. अन्नरसावर प्रक्रिया करणे, पित्त तयार करणे, साखर साठवणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये बनविणे आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणे, ही सगळी कामे ते एकटे करते.

त्याला रक्त दोन वाटांनी येते. पूर्णेच्या लाभक्षेत्रात एकाच शेताला सिद्धेश्वरच्या कालव्याचे आणि स्वतःच्या विहिरीचेही पाणी असते, तसेच हे. सुमारे तीन हिस्से रक्त आतड्यांकडून मोठ्या शिरेने येते, तो कालवा समजा. एक हिस्सा हृदयाकडून धमनीने येते, ती विहीर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तपासणी समजायला उपयोगी पडेल.

सगळ्या गाठी सारख्या नसतात

उसाला काणी पडली तर चाबकासारखा काळा पट्टा निघतो. ते बेट पिशवीत झाकून उपटावे आणि जाळावे, असे आपण सांगतो. पण पावसाळ्यात पोक्का बोइंगने पोंग्याजवळची पाने चुरगळली, पांढुरकी झाली, म्हणून कोणी फड नांगरत नाही. बहुतेक बेटे पुढे आपोआप सावरतात. दोन्ही रोगच, पण नाव निराळे म्हणून इलाज निराळा. यकृतावरच्या गाठींचेही असेच आहे. ज्या कॅन्सरच्या नाहीत, अशा नेहमी आढळणाऱ्या गाठी पुढीलप्रमाणे :

१) हिमॅन्जिओमा : यकृतातील साध्या गाठींत सर्वांत जास्त आढळणारी ही गाठ. बारीक रक्तवाहिन्यांचा स्पंजासारखा गुंता असतो. स्त्रियांत अधिक, बहुधा तीस ते पन्नास वयात, आणि तीही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसते. ती कॅन्सरमध्ये बदलत नाही. पोटदुखीचे कारण बहुतेक वेळा ही गाठ नसते. पित्ताचा खडा, आम्लपित्त असे दुसरेच काही असते. फार मोठी होऊन त्रास देऊ लागली तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात.

२) फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया : नाव लांबलचक आहे, गाठ गरीब आहे. यकृताच्याच पेशी एका जागी जास्त वाढतात आणि मधोमध अनेकदा वणासारखी खूण असते. ही गाठसुद्धा प्रामुख्याने स्त्रियांत आढळते, कॅन्सर होत नाही आणि सहसा उपचार लागत नाहीत.

३) पाण्याची साधी गाठ : पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी. पुष्कळांना असते. त्रास नसेल तर तिला हात लावायचे कारण नाही.

४) हायडॅटिड : हीसुद्धा पाण्याचीच गाठ, परंतु ती एका जंतामुळे होते. या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून हाताला, भाजीला, पाण्याला लागून पोटात जातात. शेळ्या-मेंढ्या कापल्यावर त्यांची काळीज-फुप्फुसे कच्ची कुत्र्यापुढे टाकली की जंताचे चक्र चालू राहते. या गाठीला उपचार लागतात. तयारीशिवाय तिला सुई लावली आणि आतले पाणी पोटात सांडले, तर जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून घरी कुत्री-मेंढरे असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

५) ॲडेनोमा : ही फार कमी आढळते, पण साध्या गाठींत हिच्यावर लक्ष ठेवावे लागते. ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि काही प्रकार पुढे कॅन्सरकडे झुकतात. संततिनियमनाच्या गोळ्यांशी हिचा संबंध प्रथम १९७३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखविला. त्या काळच्या गोळ्यांत संप्रेरकांचे प्रमाण जास्त असे, आता ते बरेच कमी आहे. तेव्हा भगिनींनी हे वाचून गोळ्या फेकून देऊ नयेत. ॲडेनोमा निघाला तरच त्या बंद करायला सांगतात. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा ॲडेनोमा बहुधा काढून टाकतात. पुरुषात निघाला तर लहान असतानाच काढण्याचा सल्ला देतात, कारण पुरुषांत धोका अधिक असतो. भरतीची तयारी करणाऱ्या, जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी एक गोष्ट ऐकावी : अंग भरण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने-गोळ्या हे या गाठीचे एक माहीत असलेले कारण आहे.

याशिवाय चरबीयुक्त यकृतात एखादा भाग वेगळा दिसून गाठीचा भास होतो. आणि थंडी-ताप, उजव्या कुशीत जोराची कळ असेल तर ती गाठ नसून आवेचा गळू असू शकतो. त्याला औषधाने उतार पडतो, मात्र वेळ दवडू नये.

आधी जमीन तपासा

आता मुख्य मुद्दा. माझी चूक येथेच झाली. मी गाठीचा आकार पाहिला, ती कोणत्या जमिनीत उगवली ते पाहिले नाही.

यकृत निरोगी असेल, माणसाला काही त्रास नसेल आणि गाठ अचानक दिसली असेल, तर ती बहुधा साधी निघते. परंतु जुनी 'बी' किंवा 'सी' कावीळ, बरीच वर्षे दारू, किंवा यकृत आकसून घट्ट झालेले, म्हणजे सिरोसिस, यांपैकी काहीही असेल, तर एक-दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा कॅन्सर नाही अशी खात्री होईपर्यंत संशयितच धरतात. शरीरात दुसरीकडे कॅन्सर होऊन गेला असेल तरी तसेच. म्हणून गाठीच्या तपासणीबरोबर यकृताच्या कार्याची, हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी'ची रक्ततपासणी करून घेणे अगत्याचे आहे. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आपण म्हणतो, ते येथेही लागू आहे.

'बी' कावीळ रक्तातून, वापरलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या ब्लेडमधून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होते. एका ताटात जेवल्याने होत नाही. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांना लस मिळते, ती चुकवू नये. मोठ्या माणसालाही तीन मात्रांत घेता येते. केंद्र शासनाचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला; त्यात या काविळींची तपासणी आणि औषधोपचार मोफत आहेत. ज्यांना 'बी' कावीळ किंवा सिरोसिस असल्याचे ठाऊक आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करीत राहावे.

नाव पक्के कसे करतात?

सोनोग्राफी गाठ दाखविते, पण प्रत्येक वेळी नाव खात्रीने सांगू शकत नाही. शंका असेल तर शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांचा सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. करतात. आता कालवा-विहिरीची गोष्ट आठवा. औषध यकृतात आधी धमनीने पोचते, मग मोठ्या शिरेने. यंत्र ठरावीक वेळी चित्रे घेते. हिमॅन्जिओमा बांधाकडून पाणी शिरावे तसा कडेकडून हळूहळू आत भरत जातो. फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया पहिल्याच टप्प्यात एकदम उजळतो आणि मग आजूबाजूच्या यकृतासारखाच दिसू लागतो. यकृताचा कॅन्सर बहुधा धमनीचेच रक्त ओढतो. तोही झटकन उजळतो, पण नंतर बाजूच्या यकृतापेक्षा फिका पडतो. पाणी कोठून शिरले आणि कोठे टिकले, यावरून जमिनीची जात ओळखावी, तसेच हे आहे. म्हणूनच बहुतेक वेळा सुईने तुकडा काढण्याची गरज पडत नाही. हिमॅन्जिओमात सुईने रक्तस्रावाची भीती असते, हे लक्षात ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी असेल, तर स्कॅनपूर्वी सांगावे.

अशा तपासणीसाठी एकदम मुंबई गाठण्याची गरज नसते. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हिंगोलीलाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आधी तेथे चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

हे करू नये

पोट चोळून घेऊ नये, डाग देऊ नये. गाठ विरघळवितो म्हणून कोणी पूड-काढा दिला तर तो घेऊ नये. चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. झाडपाला म्हणजे निर्धोक, ही समजूत बरोबर नाही. २०२० मध्ये मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तरी यकृत आधीच अडचणीत असताना असा प्रयोग कशाला करावा? आपली वसमतची हळद भाजी-आमटीत खुशाल खावी. मात्र हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनी, विशेषतः मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या गोळ्यांनी, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशात झालेल्या आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, शेजाऱ्याची गाठ पाहून आपल्या गाठीचा निर्णय घेऊ नये.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारावेत

१) या गाठीचे नाव काय? खात्री आहे की अंदाज आहे? कागदावर लिहून द्याल का?
२) बाकीचे यकृत निरोगी आहे काय?
३) 'बी' व 'सी' काविळीची तपासणी झाली काय?
४) पुन्हा तपासणी करायची काय, आणि केव्हा?
५) कोणते लक्षण दिसले तर ताबडतोब यावे?

प्रश्न विचारायला लाजू नये. उत्तर मिळाल्यावर सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. पुढच्या वेळी जुना आकार ताडून पाहायला तेच उपयोगी पडतात. वजन घटणे, भूक मरणे, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, अचानक तीव्र कळ येऊन चक्कर येणे, यांपैकी काही झाले तर तारखेची वाट पाहू नये.

शेवट

बापूंच्या मंडळींना घेऊन आम्ही नांदेडला गेलो. काविळीच्या तपासण्या निर्दोष आल्या. स्कॅनमध्ये गाठ कडेकडून भरत गेली, हिमॅन्जिओमाच होता. पोटदुखी आम्लपित्ताची निघाली आणि साध्या गोळ्यांनी थांबली. परत येताना बापू गाडीत बराच वेळ बोलले नाहीत. कुरुंद्याच्या फाट्याच्या अलीकडे म्हणाले, "साहेब, तेवढी नोंद काढली नाही ना?"

नोंद जागेवरच होती. जानेवारीत ऊस पक्व होऊन गेला, त्या वेळी ब्रिक्स २१ होता.

पण मोळीपूजनाला जे आले नाहीत, त्यांचा ट्रॅक्टर आता त्यांचा मुलगा चालवितो. यार्डात तो दिसला की मला तो एक न विचारलेला प्रश्न आठवतो. त्याची आणि त्याच्या भावंडांची 'बी' काविळीची तपासणी मी स्वतः बरोबर जाऊन करवून घेतली. आपल्या घरात कोणाला अशी कावीळ असेल, तर आपणही घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी, ही विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी